रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड: आता आणखी कोणती तपासणी करू?

प्रश्न थोडक्यात असा. परभणीकडचे एक गृहस्थ, वय ३४, खत-बियाणांचं दुकान. गेल्या दिवाळीत त्यांचा ४१ वर्षांचा चुलतभाऊ झोपेतच गेला. हार्ट अटॅक, असं सांगण्यात आलं. पंधरा दिवसांनी एका रात्री यांच्या छातीत धडधड सुरू झाली. हातांना मुंग्या, घशात गोळा, आणि 'आता संपलं' ही भावना. तेव्हापासून तीन इसीजी, एक टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), एक टीएमटी (पट्ट्यावर पळवून काढलेला इसीजी), दोनदा रक्त. सगळं नॉर्मल, त्रास मात्र चालू. रात्री मोबाइलवर लक्षणं शोधतात, बोटाला ऑक्सिमीटर लावून पडतात, बायको वैतागली आहे. शेवटी विचारलंय, "मला नक्की काय झालंय? अँजिओग्राफी करू का एमआरआय?"

मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २३ वर्षं फिजिशियन म्हणून बसतो. तुम्हाला मी हात लावून तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं म्हणजे निदान समजू नका. पण तुमच्यासारखी रिपोर्टची पिशवी घेऊन आठवड्याला पाच-सात माणसं माझ्यासमोर बसतात. एखाद्या कापड दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, आत इसीजीच्या घड्या घालून घालून फिक्या पडलेल्या पट्ट्या. त्या अनुभवावरून सांगतो.

तुम्ही तारखा दिल्यात हे बरं झालं. मी त्यांचा हिशेब मांडला. पहिल्या इसीजीनंतर दीड महिना बरा गेला. दुसऱ्यानंतर बारा दिवस. इकोनंतर आठवडा. आणि टीएमटीनंतर, तुमच्याच शब्दांत, "गाडीत बसेपर्यंत बरं वाटलं, घरी येईस्तोवर परत चालू." तुम्ही दुकानदार आहात, हा आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. अँजिओग्राफीनं फार तर दोन दिवस मिळतील. मग मनात येईल, त्या दिवशी नॉर्मल होती, आज कशावरून असेल?

म्हणजे तुम्ही विचारताय 'मला काय झालंय', पण तुम्हाला हवंय ते वेगळंच: मला काहीही झालेलं नाही आणि होणारही नाही, असं कुणीतरी शंभर टक्के लिहून द्यावं. ते मी देऊ शकत नाही. मुंबईचा मोठ्यातला मोठा हृदयरोगतज्ज्ञ देऊ शकत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही स्वतःसाठी तसा कागद नाही.

आता त्रास खरा का खोटा, हे आधी मिटवू, कारण "काही नाही, टेन्शन आहे" हे ऐकून तुम्ही चिडला आहात आणि ते रास्त आहे. त्रास खरा आहे. भीती वाटली की अंगात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, छातीचे आणि मानेचे स्नायू आवळतात, श्वास उथळ आणि भराभर होतो. भराभर श्वासात शरीरातला कार्बन डायऑक्साइड नको तेवढा बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आवळतात आणि भोवळ आल्यासारखं, आपण आपल्यात नाही असं वाटतं. रक्तातल्या कॅल्शियमचा मेळही तात्पुरता बिघडतो. म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, कधी बोटं आखडणं. ऑक्सिजन या वेळी भरपूर असतो. तुमचा ऑक्सिमीटर ९८-९९ दाखवतो आणि तुम्हाला मात्र श्वास पुरत नाही, हे कोडं वाटतं ते त्यामुळेच. मधेच एखादी पातळी खाली दिसली तर बोट गार पडलेलं असतं किंवा नीट बसलेलं नसतं.

मागे एक तरुण शिक्षक आला होता. पत्नी सोबत. "डॉक्टर, हाताला मुंग्या आल्या की मला अटॅकच वाटायलंय." त्याचा इसीजी आणि बाकी तपासणी माझ्यासमोर झालेली होती, दमा किंवा फिट येण्याचा त्रास नव्हता. म्हणलं, आता माझ्यासमोर मिनिटभर भराभर श्वास घ्या, कुत्रं धापा टाकतं तसा. चाळीस सेकंदांत तो थांबला, हाताकडे बघत राहिला. "त्याच मुंग्या." मग हळूहळू श्वास सोडायला लावला, चार-पाच मिनिटांत गेल्या. त्या मुंग्या त्यानं स्वतः आणल्या आणि स्वतः घालवल्या. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणानं जे झालं नसतं ते तिथं झालं. हा प्रयोग घरी एकट्यानं करू नका. हृदयाचा त्रास, दमा, फिट, गरोदरपण यांत तर मुळीच नको. तुमच्या डॉक्टरांना समोर बसून करायला सांगा. आणि कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो अंगाशी येतो.

गॅसबद्दलही एक शब्द. आपल्याकडे गॅस छातीत भरतो, डोक्यात चढतो, पाठीत अडकतो. पोटातला गॅस पोट सोडून कुठेही जात नाही. घाबरून भराभर श्वास घेताना माणूस हवा गिळतो, म्हणून ढेकरा येतात, आणि ढेकर आली की मोकळं वाटतं, म्हणून गॅसच होता अशी खात्री पटते. आम्ही डॉक्टरांनीही हा शब्द सोयीचा म्हणून पोसलाय. मी तर एक पाऊल पुढे होतो. पहिली काही वर्षं असा पेशंट आला की सलाईन लावायचो. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात आपोआप ओसरतो. बाटली निम्मी व्हायच्या आत पेशंटला बरं वाटायचं, श्रेय सलाईनला. पुढच्या वेळी तो सलाईनसाठी रात्री दोन वाजता मोटारसायकलवर तिघं बसून यायचा. त्याच्या अंगाला स्वतःहून शांत होता येतं, हे त्याला कळूच दिलं नाही मी.

मग सगळ्यांनाच का होत नाही असं? तुम्ही शेतकऱ्यांमध्ये वावरता, म्हणून तुमच्याच माहितीतलं सांगतो. विहिरीवरची मोटर कोरडी ओढायला लागली की शेतकऱ्याला घरात जेवता जेवता कळतं. पाहुण्याला काहीच ऐकू येत नाही. आवाज खरा असतो, पण मालकाचा कान त्यासाठी तयार झालेला असतो, कारण मोटर जळाली तर त्याचं वर्ष जातं. भाऊ गेल्यापासून तुमचा कान छातीला लागलाय. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं, जेवणानंतर धडधड, डाव्या खांद्यात चमक: निरोगी माणसालाही या गोष्टी होत असतात. त्याला त्या ऐकू येत नाहीत.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. "जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत तीन आठवडे काहीच झालं नाही, पोती पण मीच उचलली." हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा नेहमीचा त्रास याच्या उलट वागतो. तो कष्टाला येतो आणि बसल्यावर थांबतो. तुमचा कष्टाला थांबतो आणि रात्री पडल्यावर, मोबाइल हातात घेतल्यावर येतो. त्यात टीएमटी नॉर्मल. भावाचंही सांगतो. घराण्यातला धोका मोजताना आम्ही आई, वडील, सख्खी भावंडं बघतो: पुरुषाला ५५ च्या आत आणि बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर. चुलतभावाचं दुःख मोठं आहे, पण त्या हिशेबात त्याचं वजन बरंच कमी. वडिलांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. तिथे काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, मग विचार थोडा बदलतो.

दुसरी अर्धी ओळ: "त्यात साडेचार लाख उधारी थकलीय." छातीबद्दल तुम्ही पाच परिच्छेद लिहिलेत आणि याबद्दल चार शब्द. मी तुमच्या जागी असतो तर मलाही रात्री अकराला झोप लागली नसती.

आता दुसरी बाजू, कारण 'टेन्शन' म्हणून पाठवून दिलेली माणसं मी पाहिलीत, आणि एकदा पाठवणारा मीच होतो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. चाळिशीची बाई, धडधड, हात थरथरणं, झोप नाही. घरी सुनेशी वाद चालू होता, मी तो ऐकला आणि झोपेची गोळी लिहिली. ती म्हणाली होती, "बांगड्या बघा कशा सरकायल्यात," आणि हात वर करून दाखवला. बांगड्या कोपरापर्यंत घरंगळत गेल्या. मी हसलो. दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासला, तो प्रमाणाबाहेर वाढलेला निघाला. वजन उतरत होतं, ते बांगड्या सांगत होत्या. तेव्हापासून धडधडीच्या प्रत्येक पेशंटचं टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि साखर एकदा बघतो. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएच आहे का तेवढं बघा. आणखी एक साधी खूण: भीतीची धडधड गाढ झोपेत उतरते, थायरॉइडची बहुधा उतरत नाही. तुम्हाला झोप लागल्यावर मंडळींना पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला सांगा. एकदाच. रोज नव्हे.

दवाखान्यात पळायचं ते केव्हा? छातीत दाब, जड दगड ठेवल्यासारखं, चालताना-चढताना वाढणारं, जबड्यात किंवा हातात जाणारं, घाम सुटून दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारं: १०८ लावा, विचार करत बसू नका. शुद्ध हरपली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तरी तसंच. विनाकारण वजन उतरणं, शौचातून रक्त, घास अडकणं, आठवडे टिकणारा ताप, ही घाईची नसली तरी लवकर दाखवायची लक्षणं. घाम तर घबराटीतही येतो, मग ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारणार. घरबसल्या खात्रीनं ओळखता येत नाही, हेच खरं उत्तर. म्हणून मी पेशंटला असं सांगतो: त्रास पहिल्यांदा आला तर या, नव्या तऱ्हेचा आला तरी या. पण जो तपासून झालाय, जो तुमच्या ओळखीचा आहे, तस्साच आला तर घड्याळ बघून वीस मिनिटं थांबा.

औसा-निलंग्याकडच्या एका बाईची फाईल मी बरीच वर्षं बघत होतो. चार इसीजी, चारही नॉर्मल. एकदा सहज तारखा वाचल्या. चारही सप्टेंबरच्या, गणपती विसर्जनाच्या आसपासच्या. पहाटे चारच्या आधी जाग येते, छाती उडते, घराबाहेर पळावंसं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला स्वतःला हा संबंध लागलेला नव्हता, आणि मी तर कधी विचारलंच नव्हतं. पाचवा इसीजी काढला नाही. त्या वर्षी भाद्रपदात नवरा-बायको दोघं अंगणात झोपले. त्रास गेला असं म्हणणार नाही, पण ती दवाखान्यात आली नाही.

आता करायचं काय. औषधाआधी तपासणं कमी करायचं, तुमचं स्वतःचं. ऑक्सिमीटर बहिणीकडे देऊन टाका, करोनापासून घराघरात पडलाय तो. नाडी दिवसातून किती वेळा बघता ते दोन दिवस नुसतं मोजा. आकडा बघून तुम्हीच दचकाल. मग तो निम्मा करा, पुढच्या आठवड्यात पुन्हा निम्मा. एकदम बंद करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी दुप्पट वेळा बघाल. रात्री नऊनंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. लक्षण शोधायला बसलं की पहिल्या पानावर गॅस आणि तिसऱ्यावर कॅन्सर, हे तुम्ही अनुभवलंय. पहिला आठवडा-दीड आठवडा बेचैनी वाढेल. ती वाढली म्हणून 'काहीतरी खरंच आहे' असं समजू नका. सवयीचा आधार काढला की असं होतं.

बायकोनं "अहो, काही नाही तुम्हाला" हे म्हणणं थांबवावं. विचित्र वाटेल, पण तिचं ते वाक्य आणि इसीजी यांचं काम एकच: तेवढ्यापुरता धीर, आणि मग पुन्हा विचारण्याची ओढ. त्याऐवजी एवढंच म्हणावं, "हे ते परत आलंय. चला, दारात चार फेऱ्या मारू." भांडून नाही, प्रेमानं, आणि दर वेळी तेच वाक्य. झटका चढत असताना श्वास चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. जोरात नाही, सावकाश. धडधड घालवण्यासाठी करू नका, ती तुमच्या आज्ञेत नाही. ती असताना फेऱ्या मारता येतात, गुरांना पाणी दाखवता येतं, एवढं कळावं म्हणून करा.

पोती उचलणं तुम्ही जुलैपासून बंद केलंय, हमाल लावलाय. पुन्हा सुरू करा. टीएमटी म्हणजे डॉक्टरांसमोर पट्ट्यावर पळणंच होतं, त्यात तुम्ही पास आहात. रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत दम लागेल इतकं झपझप चाला. ठोके वाढतात आणि काही होत नाही, हे छातीला पुन्हा शिकवावं लागतं. वाचून ते कळत नाही.

काळजीसाठी वेळ ठरवून द्या. दुकान बंद केल्यावर पंधरा मिनिटं, उधारीच्याच वहीच्या मागच्या पानावर: आज कशाची भीती वाटली, किती वाजता, त्याआधी काय घडलं होतं. रात्री विचार आला तर त्याला सांगा, उद्या साडेसातला. काहींना हा पोरखेळ वाटतो. माझ्या पेशंटांपैकी साधारण निम्म्यांना उपयोग होतो, बाकीचे चौथ्या दिवशी वही विसरतात.

आणि तंबाखू. "दिवसाला दोन पुड्या, पण ते जुनंच आहे" असं लिहिलंत. रागावू नका, पण तीन इसीजी काढलेल्या माणसाच्या खिशात पुडी, हे मला रोज दिसतं आणि रोज नवल वाटतं. निकोटीन त्याच क्षणी ठोके वाढवतं, शिवाय ज्या आजाराला तुम्ही भिताय त्याचा खराखुरा धोका तेच वाढवतं. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड आणि अस्वस्थता येते, दोन ते चार आठवड्यांत उतरते; ती आधीच माहीत असू द्या, नाहीतर चौथ्या इसीजीला जाल. दुकानात दर गिऱ्हाइकाबरोबरचा चहाही दिवसाला दोन-तीनवर आणा, संध्याकाळी पाचनंतर नको.

एमआरआयबद्दल: लक्षण नसताना काढलेल्या एमआरआयमध्ये बऱ्याचदा काही ना काही सापडतं. मणक्यातली चकती थोडी बाहेर, मूत्रपिंडावर साधी पाण्याची गाठ. ज्यांना काहीच दुखत नाही अशांमध्येही हे दिसतं. तुमच्या आजच्या मनःस्थितीत त्या एका ओळीनं पुढचं वर्ष खाल्लं जाईल.

दीड-दोन महिने हे मनापासून करूनही झटके येतच राहिले, किंवा दुकान, झोप, संसार यांवर परिणाम होत असेल (तुमच्या बाबतीत तो होतोय असं मला वाटतं), तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून लोक टाळतात आणि तोवर वीस हजारांच्या तपासण्या करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत आजारपणाच्या या भीतीला ओसीडीच्या (तीच शंका, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) घरात बसवलंय. दाराची कडी दहा वेळा बघणारा माणूस आणि नाडी दहा वेळा बघणारा माणूस, ही भावंडंच. त्यावर बोलून करायचे ठरीव उपचार आहेत आणि गोळ्याही आहेत. सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅमसारख्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता उलट वाढू शकते. नेमक्या त्याच आठवड्यात लोक गोळी सोडतात. मेडिकलवरून कुणाच्या सांगण्यानं आणलेली अल्प्राझोलमची (मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळीची) पट्टी मात्र नको. अर्ध्या तासात शांत वाटतं, म्हणूनच सवय लागते. आधीच महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम तोडूही नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा. खासगीचा खर्च नको असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. रात्री अडीचला कुणाशी तरी बोलायचंच असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

शेवटचं, डॉक्टर एकच धरा. परभणीला एक, नांदेडला एक, संभाजीनगरला एक असं फिरलात की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करतो आणि प्रत्येक जण इसीजी काढतो, कारण त्यालाही चूक परवडत नाही. जो नीट ऐकतो त्याच्याकडे महिन्यातून एकदा, त्रास असो वा नसो, ठरल्या तारखेला जा. त्रास झाला म्हणून जायचं नाही, तारीख आली म्हणून जायचं. पहिल्या भेटीला वहीचं ते मागचं पान न्या, आणि एका कोऱ्या कागदावर कुठल्या तपासणीनं किती दिवस बरं वाटलं ते लिहून न्या: ४५, १२, ७, ०. रिपोर्टची पिशवी घरीच राहू द्या.